तळटीप : अँजेला बर्डेट-कूट्स
१२. अँजेला बर्डेट-कूट्स (१८१४–१९०६). लंडनच्या कूट्स बँकेचे मालक असलेल्या आजोबांची दौलत त्यांच्या दुसऱ्या पत्नीकडून, म्हणजे एकेकाळच्या नटीकडून, १८३७मध्ये यांच्याकडे आली. येथे उल्लेखिलेले 'घर' म्हणजे निराधार व वाट चुकलेल्या मुलींसाठी काढलेले युरेनिया कॉटेज (१८४७). पैसा बाईंचा, रोजची उस्तवार चार्ल्स डिकन्सची. मुलींना रंगीत कपडे हवेतच, हा त्याचा हट्ट. बाईंना साधे पसंत. बेथनल ग्रीनमधले त्यांचे कोलंबिया मार्केट (१८६९) मात्र साफ फसले. इमारत देखणी, पण विक्रेत्यांना रस्ताच सोयीचा! १८८१मध्ये त्यांनी तिशीही न गाठलेल्या, जन्माने अमेरिकन तरुणाशी लग्न केले आणि आजोबांच्या त्या दुसऱ्या पत्नीच्या मृत्युपत्रातील परदेशी नवऱ्याविषयीच्या अटीमुळे उत्पन्नाचा मोठा हिस्सा बहिणीकडे गेला.