बाइकची बॅटरी सारखी उतरतेय? नवी घेण्याआधी हे तीन आकडे तपासा

सकाळी ऑफिसला निघताना सेल्फचं बटण दाबलं की नुसताच टक्-टक् आवाज येतो, मीटरचे दिवे मंद होतात आणि गाडी सुरू होत नाही. अशा वेळी निदान ठरलेलं असतं: बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते, काही दिवस सगळं ठीक चालतं आणि मग पुन्हा तोच टक्-टक् आवाज.

बॅटरी ही विजेची टाकी आहे. टाकीत पाणीच येत नसेल किंवा ती कुठूनतरी गळत असेल, तर टाकी बदलून काय उपयोग? बॅटरी भरणारी यंत्रणा म्हणजेच चार्जिंग सिस्टीम बिघडलेली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसेही वाया जातात. हा दोष ओळखण्यासाठी लागतो एक साधा डिजिटल मल्टिमीटर. तो काही शे रुपयांत मिळतो.

आता हे जास्त महत्त्वाचं का?

एप्रिल २०१७ पासून भारतात नव्या दुचाकींचा हेडलाइट किंवा दिवसाचा दिवा इंजिन सुरू असताना कायम चालू राहतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक बाइकमध्ये कार्ब्युरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. त्यातला पेट्रोल पंप आणि ईसीयू दोन्ही विजेवर चालतात. अनेक गाड्यांना आता किकही नसते. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली, तर अशी गाडी ढकलूनही बहुधा सुरू होत नाही.

चार्जिंग सिस्टीम चालते कशी?

इंजिनच्या बाजूच्या कव्हरखाली चुंबक बसवलेलं एक चाक क्रँकबरोबर फिरतं. गॅरेजच्या भाषेत त्याला ‘मॅग्नेट’ म्हणतात. त्याच्या आत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, ती स्टेटर किंवा ‘कॉइल प्लेट’. चुंबक फिरलं की गुंडाळीत एसी वीज तयार होते. बॅटरीला मात्र डीसी वीज लागते. हे रूपांतर रेग्युलेटर-रेक्टिफायर करतो. इंजिनचा वेग कितीही वाढला, तरी व्होल्टेज साधारण १४.५ च्या आसपास रोखून धरणं हेही त्याचंच काम. हे करताना तो बराच तापतो. म्हणून त्याच्या अंगावर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात.

मल्टिमीटरआधी डोळे

- बॅटरीचे टर्मिनल सैल आहेत का, त्यांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमली आहे का?
- फ्यूज शाबूत आहे का?
- रेग्युलेटरचा कनेक्टर वितळलेला, काळा पडलेला किंवा आतून गंजलेला आहे का?
- रेग्युलेटरवर चिखलाचा थर बसला आहे का?

पावसाळ्यात किंवा कोकण-गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत कनेक्टर लवकर गंजतात. बऱ्याचदा दोष इथेच सापडतो आणि साफसफाईवर भागतं.

पहिला आकडा: गाडी बंद असताना

गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून लाल वायर बॅटरीच्या प्लसला आणि काळी मायनसला लावावी.

- १२.६ ते १२.८ व्होल्ट: बॅटरी पूर्ण भरलेली.
- १२.४ च्या आसपास: साधारण तीन-चतुर्थांश भरलेली.
- १२ किंवा त्याखाली: जवळपास रिकामी. आधी चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी, मगच पुढची तपासणी.

हे आकडे नेहमीच्या लेड-ॲसिड बॅटरीचे आहेत. लिथियम बॅटरीचे वेगळे असतात.

दुसरा आकडा: सेल्फ मारताना

मीटर तसाच ठेवून सेल्फ मारावा. व्होल्टेज थोडं पडणारच. भरलेली, चांगली बॅटरी साधारण १० व्होल्टच्या वर तग धरते. पूर्ण चार्ज करूनही आकडा ९ च्या खाली घसरत असेल, तर बॅटरीच थकली आहे असं समजायला हरकत नाही.

तिसरा आकडा: इंजिन सुरू असताना

खरा निकाल इथे लागतो. गाडी मोकळ्या हवेत, मेन स्टँडवर आणि न्यूट्रलमध्ये ठेवावी. आयडलिंगला आकडा थोडा कमी दिसला तरी चालतो. हळूहळू रेस देत इंजिन ४,००० ते ५,००० आरपीएमपर्यंत न्यावं.

- १३.५ ते १४.८ व्होल्ट: चार्जिंग व्यवस्थित आहे.
- १३ च्या खाली, रेस देऊनही वाढत नाही: बॅटरीपर्यंत पुरेशी वीज पोहोचत नाही.
- १५ च्या वर: रेग्युलेटरचं नियंत्रण सुटलंय. अशा वेळी बॅटरी गरम होते, फुगते आणि बल्ब वारंवार उडतात. ही गाडी दुरुस्तीशिवाय चालवू नये, कारण ती नवी बॅटरीही खराब करेल.

नेमका आकडा मॉडेलनुसार थोडा बदलतो. कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अंतिम मानावा.

आकडा कमी आला तर दोष स्टेटरचा की रेग्युलेटरचा?

अनेक बाइकमध्ये स्टेटरमधून एकाच रंगाच्या, बहुधा पिवळ्या, तीन वायर रेग्युलेटरकडे जातात. गाडी बंद करून हा कनेक्टर सोडवला की दोन चाचण्या करता येतात.

पहिली, इंजिन बंद असताना. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्रत्येक पिवळी वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यामध्ये तपासावं. इथे जोडणी दाखवली, तर गुंडाळी जळून बॉडीला टेकली आहे.

दुसरी, इंजिन सुरू करून. मीटर एसी व्होल्टवर ठेवून दोन-दोन वायरींची मापं घ्यावीत. तिन्ही जोड्यांचे आकडे जवळपास सारखे हवेत आणि रेस दिल्यावर एकसारखे वाढायला हवेत. एक जोडी मागे पडली, तर स्टेटर खराब. इथे रेस दिल्यावर व्होल्टेज बरंच चढतं, त्यामुळे उघड्या टोकांना हात लावू नये.

स्टेटर ठणठणीत असेल, वायरिंग आणि अर्थिंगही नीट असेल आणि तरी बॅटरीवर आकडा वाढत नसेल, तर संशय रेग्युलेटरवर जातो. काही स्टेटर थंड असताना ठीक असतात आणि तापल्यावर दगा देतात. म्हणून ही तपासणी वीसेक मिनिटं गाडी चालवून आल्यावर पुन्हा करावी.

लहान बाइकमध्ये वायरींची संख्या आणि रंग वेगळे असू शकतात. तिथे वायरिंग डायग्राम पाहूनच हात घालावा.

तिन्ही आकडे बरोबर, तरी बॅटरी उतरते?

मग गळती शोधावी. चावी बंद करून मायनस वायर काढावी आणि मीटर अँपिअर रेंजवर ठेवून टर्मिनल आणि वायर यांच्यामध्ये जोडावा. घड्याळ, ईसीयू यांसाठी काही मिलिअँपिअर वीज जाणं साहजिक आहे. त्याहून बरीच जास्त जात असेल, तर अलार्म, जीपीएस ट्रॅकर, मोबाइल चार्जर अशी बाहेरून बसवलेली उपकरणं एकेक सोडवून पाहावीत. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ कधीही मारू नये, मीटर जळेल.

जादा दिवे हेही एक कारण असतं. २० वॅटचे दोन फॉग लाइट मिळून ४० वॅट, म्हणजे तीन अँपिअरहून जास्त ओढतात. अनेक १००-१२५ सीसी बाइकचा हॅलोजन हेडलाइटच ३५ वॅटचा असतो. म्हणजे यंत्रणेवर दुसऱ्या हेडलाइटहून अधिक भार पडला.

रोज फक्त एक-दोन किलोमीटर, तेही सिग्नलवर थांबत जाणाऱ्या गाडीची बॅटरी सेल्फने खर्च झालेली वीज भरूनच काढू शकत नाही. अशी गाडी अधूनमधून लांब फिरवावी.

एवढं सांभाळा

- बॅटरी काढताना आधी मायनस, जोडताना आधी प्लस.
- इंजिन सुरू असताना बॅटरीची वायर काढू नये. व्होल्टेज अचानक उसळून ईसीयू खराब होऊ शकतो.
- चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. जवळ विडी-सिगारेट किंवा ठिणगी नको.

हे सगळं स्वतः करायचं नसेल, तर निदान तीन आकडे लिहून मेकॅनिककडे जावं. नवी बॅटरी बसवलीच, तर गॅरेजमधून निघण्याआधी इंजिन सुरू ठेवून तिसरा आकडा समोर मोजून घ्यावा. तो १३.५ ते १४.८ मध्ये नसेल, तर काम अजून पूर्ण झालेलं नाही.