रात्रभर निखाऱ्यांपाशी

अमेरिकेतील ज्या सज्जनांनी कृष्णवर्णीयांच्या दास्यविमोचनासाठी झीज सोसली, त्यांस महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला. तेव्हापासून ती कथा मराठी वाचकास सर्वस्वी परकी राहिलेली नाही. कापसाच्या व तंबाखूच्या मळ्यांत राबणारा गुलाम आपण पुस्तकांतून पाहिलेला असतो. त्याच मळ्याच्या कडेला चर खणून रात्रभर विस्तव राखणारा गुलाम मात्र फारसा कोणी पाहिलेला नाही. आणि दक्षिणेकडील राज्ये ज्याचा एवढा अभिमान बाळगतात ते 'बार्बेक्यू' त्याच्याच हातचे. (विषय वराहमांसाचा आहे आणि स्मरणिका वडीलधाऱ्यांच्याही हाती पडते, याची मला जाणीव आहे. त्यांनी पाककृती वगळून इतिहास तेवढा वाचावा.)

शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरील. तेथील लोक लाकडाच्या माचणीवर मासे व मांस भाजीत. त्या माचणीचे नाव स्पॅनिश लोकांनी 'बार्बाकोआ' असे उचलले. अशा माचणीवर मासे भाजण्याचे एक चित्र जॉन व्हाइट या इंग्रज चित्रकाराने १५८५ च्या सुमारास काढलेले आहे. डुकरे युरोपीयांनी आणली. १५३९ साली डी सोटो फ्लॉरिडात उतरला तेव्हा कळपच त्याच्याबरोबर होता. मूलनिवासींची रीत, गोऱ्यांचे जनावर आणि आफ्रिकेतून धरून आणलेल्या माणसांचे हात, अशा तिहींच्या मेळातून व्हर्जिनिया व कॅरोलिना प्रांतांत हा प्रकार सिद्ध झाला.

काम सोपे नव्हते. प्रथम लांबलचक चर खणावयाचा. हिकरी किंवा ओक यांचे लाकूड बाजूला जाळून त्याचे निखारे तेवढे फावड्याने चरात पसरावयाचे. ज्वाळा मांसाला लागू द्यावयाची नाही. चरावर दांडे आडवे टाकून त्यांवर अखंड जनावर ठेवीत आणि मंद आंचेवर भाजीत. अखंड डुकराला बारा तास सहज लागतात. तेवढा वेळ निखारे विझू द्यावयाचे नाहीत, भडकू द्यावयाचे नाहीत, आणि धग मोजावयास तळहाताखेरीज दुसरे साधन नाही. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकन सरकारने पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या आठवणी लिहवून घेतल्या. त्यांत दक्षिण कॅरोलिनातील वेस्ली जोन्स नावाचा नव्वदी उलटलेला वृद्ध आहे. बार्बेक्यूच्या आदल्या रात्री आपण कसे जागत असू, काठीला कापडाचा बोळा बांधून मांसावर सतत रस कसा फिरवीत असू, हे तो सांगतो. व्हिनेगर, काळी व लाल मिरी, मीठ, लोणी, धने, कांदा, लसूण असा तो मसाला त्याला इतक्या वर्षांनंतरही तोंडपाठ होता. सकाळी त्याच मांडवात पुढाऱ्यांची भाषणे होत.

पुढाऱ्यांचे आणि बार्बेक्यूचे नाते जुने आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या १७६९ सालच्या रोजनिशीत अलेक्झांड्रिया येथील बार्बेक्यूला गेल्याची नोंद आहे. १८ सप्टेंबर १७९३ रोजी राजधानीत संसदभवनाची कोनशिला त्याच्याच हस्ते बसविली गेली, तेव्हा पाचशे पौंड वजनाचा बैल भाजण्यात आला होता. बैलाचे वजन इतिहासाने नोंदविले. तो भाजणाऱ्यांची नावे नोंदविली नाहीत. मसुदा एकाने लिहावा आणि सही दुसऱ्याची असावी, ही तऱ्हा सरकारी नोकरीत जन्म काढलेल्या आमच्यासारख्यांस नवी नाही. पण त्या मसुदा लिहिणारास निदान वेतन मिळते.

विस्तवाभोवती माणसे जमली म्हणजे बोलणी होतात. २१ ऑगस्ट १८३१ रोजी व्हर्जिनियातील साउथॅम्प्टन परगण्यात नॅट टर्नर व त्याचे साथीदार जंगलात भेटले, ते जेवणाच्या निमित्ताने. एकाने डुक्कर आणले होते. त्याच रात्री बंडाला तोंड फुटले. बंड मोडले गेले आणि नोव्हेंबरात टर्नरला फाशी झाली. पुढे १९ जून १८६५ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे मुक्तीचा हुकूम जाहीर झाला. दरवर्षी त्या तिथीला कृष्णवर्णीय कुटुंबे चर पेटवू लागली, या वेळी स्वतःसाठी. २०२१ साली तो दिवस राष्ट्रीय सुटीचा ठरला.

मुक्ती मिळाली तरी दक्षिणेत जगणे कठीणच होते. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय उत्तरेकडील व पश्चिमेकडील शहरांत गेले. गाव सुटले, चूल बरोबर गेली. हे आपल्यासारख्या दूरदेशी राहणाऱ्या मंडळींस समजावून सांगावयास नको. मेम्फिसजवळचा हेन्री पेरी १९०७ साली कॅन्सस सिटीत आला आणि वर्षभरात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून धुरावलेले मांस विकू लागला. १९४० साली तो वारला तेव्हा दुकान त्याचा मदतनीस चार्ली ब्रायंट याच्याकडे, व १९४६ साली त्याचा भाऊ आर्थर याच्याकडे आले. त्या शहराची म्हणून जी आज जगभर ओळखली जाते, ती पद्धत या शिष्यपरंपरेतून आली.

आता एक खटला सांगितल्यावाचून राहवत नाही. अलाबामातील बर्मिंगहॅम शहरात 'ऑलीज बार्बेक्यू' नावाचे गोऱ्या मालकांचे उपाहारगृह १९२७ पासून चालू होते. नोकर छत्तीस, त्यांतील दोन तृतीयांश कृष्णवर्णीय. परंतु कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाने आत बसून खावयाचे नाही, पदार्थ घेऊन बाहेर जावयाचे, असा तेथील नियम. जुलै १९६४ मध्ये नागरी हक्कांचा कायदा आला तेव्हा मालक न्यायालयात गेले व खालच्या न्यायालयात जिंकलेही. १४ डिसेंबर १९६४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो निर्णय फिरविला. कारण काय द्यावे? वर्षभरात घेतलेल्या दीड लाख डॉलरांच्या जिनसांपैकी सुमारे सत्तर हजारांचे मांस राज्याबाहेरून आलेले होते. म्हणून आंतरराज्य व्यापाराचा संबंध पोहोचतो, आणि म्हणून कायदा लागू. निर्णय योग्यच होता. पण ज्यांच्या हातचे लोक चवीने खात, त्यांना त्याच पंक्तीत बसण्याचा हक्क मांसाच्या खरेदीच्या हिशेबातून सिद्ध करावा लागला, हे वाचताना मन खिन्न होते.

पुढील काळात बार्बेक्यूला प्रतिष्ठा आली. स्पर्धा, दूरदर्शन, पुस्तके सर्व काही आले, आणि त्यांत चेहरे बहुतांशी गोरे दिसू लागले. एड्रियन मिलर यांनी २०२१ साली 'ब्लॅक स्मोक' हा ग्रंथ लिहून हा हिशेब मांडला. हेन्री पेरीला बार्बेक्यूच्या सन्मानदालनात स्थान मिळाले ते २०१४ साली, मृत्यूनंतर चौऱ्याहत्तर वर्षांनी.

रॉडनी स्कॉट हे दक्षिण कॅरोलिनातील हेमिंग्वे या लहान गावचे. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी वडिलांच्या दुकानात पहिले अखंड डुक्कर भाजले. २०१८ साली आग्नेय राज्यांतील सर्वोत्तम पाककर्त्याचा जेम्स बिअर्ड पुरस्कार त्यांना मिळाला. आदल्याच वर्षी त्यांनी चार्ल्स्टन येथे स्वतःचे उपाहारगृह काढले होते. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचा फार मोठा हिस्सा ज्या बंदरात उतरविला गेला, ते हेच चार्ल्स्टन. किंग स्ट्रीटवरील त्या उपाहारगृहात निखारे अजून लाकूड जाळूनच पाडतात, आणि दारावरच्या पाटीवर नाव भाजणाराचे आहे.