तळटीप १४ : वॉर्डसभा

१४. वॉर्डसभा : कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यात ग्रामसभेच्या खालची पायरी म्हणून आलेली, प्रभागातील मतदारांची सभा. रस्ता, नाली, पाणी यांच्या मागण्या इथे मांडल्या जातात, ग्रामसभेत त्यांचा क्रम लागतो आणि तालुका व जिल्हा पंचायतीमार्गे त्या जिल्हा नियोजन समितीपुढे जाव्यात, अशी रचना आहे. घटनेनुसार या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा पंचायत व नगरपालिकांच्या लोकनियुक्त सदस्यांतूनच यायला हवेत. पण जिल्हा पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढच्या निवडणुका लांबत गेल्या. म्हणजे वरचा दुवाच निखळला. शिवाय बीदर-कलबुर्गीला ३७१-जे कलमामुळे वेगळे विकास मंडळ आहे (२०१९ पासून ‘कल्याण कर्नाटक’ नावाचे). त्याचे सदस्य मतदार थेट निवडत नाहीत. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंदकडे घरी मराठी आणि कारभार कन्नडमध्ये, ही अडचण निराळीच. लेखकाने इथल्या लोकांना ‘उदासीन’ म्हटले आहे. संपादकांना ते मान्य नाही. ठरावाचे पुढे काय झाले हे कळत नसेल, तर रोज बुडवून सभेला कोण येईल?