जांभळाचा शिरका घरी कसा करायचा? दोन टप्पे, आणि नेमकं कुठं बिघडतं

जून लागला की बांधावरच्या जांभळाखाली सडा पडतो. पिकलेलं जांभूळ एक-दोन दिवसांतच उतरतं. बाजार लांब असेल तर पाटी तशीच घरी परत येते. त्याच मालाचा शिरका केला तर वर्षभर टिकतो. वेगळं यीस्ट विकत आणायची गरज नाही, ते फळाच्या सालीवरच असतं.

आधी हे समजून घ्या
पहिल्या टप्प्यात यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू तयार करतं. दुसऱ्या टप्प्यात जिवाणू त्या अल्कोहोलचं आंबट आम्ल करतात. या जिवाणूंना हवा लागतेच. बरणीचं झाकण घट्ट लावलं तर पहिल्या टप्प्यात वायूनं बरणी फुटू शकते आणि दुसऱ्या टप्प्यात शिरकाच होत नाही.

साहित्य
पिकलेली जांभळं 5 किलो, गूळ पाव किलो, उकळून गार केलेलं पाणी 1 लिटर. भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं घ्या. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम नको, आम्लानं धातू उतरतो.

पहिला टप्पा: 7 ते 10 दिवस
झाडाखाली ताडपत्री किंवा जुनी साडी धरून जांभळं उतरवा. शेणामातीत पडलेली, बुरशी आलेली घेऊ नका. पाण्यातून एकदाच काढा, चोळून धुऊ नका. हातानं कुस्करा, बी फोडू नका. गूळ पाण्यात विरघळवून त्यात ओता. बरणी पाऊणच भरा आणि तोंडाला सुती फडकं बांधा. रोज सकाळ-संध्याकाळ स्वच्छ लाकडी चमच्यानं ढवळा. फेस येऊन बुडबुडे थांबले की गाळून घ्या.

दुसरा टप्पा: दीड ते दोन महिने
गाळलेला रस रुंद तोंडाच्या बरणीत ओता. घरचा जुना शिरका असेल तर चौथा हिस्सा घाला, काम लवकर होतं. दुकानातलं पांढरं सिंथेटिक व्हिनेगर चालत नाही, त्यात जिवाणू नसतात. तोंडाला दुहेरी फडकं घट्ट बांधा, नाहीतर चिलटं शिरतात. बरणी उबदार, सावलीच्या जागी ठेवा आणि आता हलवू नका.

वर गुळगुळीत, जाड साय धरली तर ती शिरक्याची 'आई', ती राहू द्या. पातळ सुरकुतलेली पांढरी साय आली तर काढून टाका. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर सगळं फेकून द्या, वरवर काढून वापरू नका.

दारूचा वास जाऊन नाकाला झोंबणारा आंबट वास आला की शिरका झाला. गाळून बाटल्या काठोकाठ भरा आणि आता मात्र बूच घट्ट लावा.

चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा
1. मधल्या टप्प्यावर थांबून तो रस मद्य म्हणून पिणं, साठवणं, विकणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 प्रमाणे गुन्हा आहे. शिरका होईपर्यंत थांबा.
2. घरच्या शिरक्याचा जोर चवीवरून कळत नाही. वर्षभराच्या लोणच्यासाठी तो वापरू नका. कोशिंबिरीला, चटणीला चालतो.
3. शिरका म्हणजे मधुमेहाचं औषध नाही. गोळ्या, इन्शुलिन बंद करून त्याच्या भरवशावर राहू नका. निव्वळ पिऊ नका, दात आणि घसा पोळतो. पेलाभर पाण्यात एक चमचा, तेवढंच.
4. विकायचा असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते आणि आंबवलेल्या शिरक्यात आम्ल किमान 3.75 टक्के असावं लागतं. अन्न तपासणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या, मगच लेबल छापा. बचत गटाच्या भगिनींनी पहिल्या वर्षी एकच बरणी लावून बघावी.