धडा, संमेलन आणि विषय : शालेय नाटकाच्या इतिहासातील एक दुभंग

मराठी नाटकाचा इतिहास विष्णुदास भावे यांच्या १८४३ मधील सांगलीच्या प्रयोगापासून सांगण्याची रीत आहे. हा इतिहास नाटककार, नाटक मंडळ्या, नट आणि संहिता यांचा आहे. नाटक शाळेत कोणत्या वाटेने आले आणि तेथे त्याचे काय झाले, हा प्रश्न त्यात सहसा उपस्थित होत नाही. वस्तुतः नाटक या प्रकाराविषयीची मराठी वाचकाची पहिली समजूत पुष्कळदा शाळेतच घडते. ती तपासल्याखेरीज मराठी नाट्यसमीक्षेच्या संहितानिष्ठेचाही पुरता उलगडा होणार नाही.

माध्यमिक शाळेत नाटक मुख्यतः दोन रूपांनी आले : पाठ्यपुस्तकातील नाट्यउतारा आणि वार्षिक स्नेहसंमेलनातील प्रयोग. पहिले परीक्षेतले, दुसरे परीक्षेबाहेरचे. भरताने अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार मानले. त्या परिभाषेत सांगायचे तर धड्याने वाचिकाचा केवळ लिखित अवशेष ठेवला, तर संमेलनाने वेषभूषा, रंगभूषा व सजावट म्हणजेच आहार्य प्रधान मानले. आंगिक आणि सात्त्विक यांची जबाबदारी कोणाकडेच आली नाही. धडा शिकवणारा आणि नाटक बसवणारा शिक्षक एकच असला, तरी ही दोन कामे परस्परांना अपरिचितच राहिली.

मुलांच्या नाटकाचा गंभीर विचार मराठीत झाला, पण तो वेळापत्रकाबाहेर. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरने रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ सादर केले. १९६२ मध्ये मतकरींनी बालनाट्य संस्था काढली. १९८६ मध्ये पुण्याच्या थिएटर अकॅडमीने बर्लिनची ग्रिप्स नाट्यपद्धती मराठीत आणली. दादरच्या छबिलदास शाळेचे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथे शिक्षिका असलेल्या सुलभा देशपांडे विद्यार्थ्यांची नाटके बसवत, आणि १९७४ पासून ‘आविष्कार’ने त्याच शाळेच्या सभागृहात प्रायोगिक रंगभूमीचे एक पर्व घडवले. नाटकाला शाळेची वास्तू मिळाली, तासिका मात्र मिळाली नाही.

हा दुभंग पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यात अधिक ठळकपणे दिसतो. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली आणि पुढे वाहनउद्योग चाकणपर्यंत पसरला. नगराने नाट्यगृहे बांधली : पिंपरीत आचार्य अत्रे रंगमंदिर, चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, भोसरीत अंकुशराव लांडगे नाट्यगृह. जानेवारी २०२४ मध्ये शंभरावे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलनही येथे जब्बार पटेल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. म्हणजे प्रेक्षक घडवण्याची व्यवस्था झाली. नाटक शिकण्याची व्यवस्था माध्यमिक शाळेत त्या प्रमाणात झाली असे म्हणता येत नाही.

तथापि प्रयोगाचे पद्धतशीर शिक्षण ही गोष्ट या परिसराला नवी नाही. चाकणपासून जवळच असलेल्या आळंदीत विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तेथील चार वर्षांच्या अभ्यासक्रमात ज्ञानेश्वरी-गाथेचे अध्ययन आणि गायन-वादन व निरूपणाची तयारी एकाच शिस्तीत बसवलेली आहे. अभंगाचा अर्थ लावणे आणि तो श्रोत्यांसमोर उभा करणे या तेथे वेगळ्या विद्याशाखा नाहीत. त्याच पुणे-नाशिक मार्गावर पुढे नारायणगाव लागते. तेथील तमाशाच्या फडांत विठाबाई नारायणगावकर (१९३५–२००२) यांच्यासारखी कलावंत घरच्या परंपरेतच घडली. कीर्तन म्हणजे नाटक नव्हे. आळंदीचे शिक्षण भक्तिपर आणि प्रामुख्याने पुरुष कीर्तनकार घडवणारे राहिले. फडातील शिक्षणाला जातिव्यवस्थेची आणि उपजीविकेची सक्ती होती. या मर्यादा मान्य करूनही एक निष्कर्ष उरतो : संहिता व प्रयोग यांची फारकत मराठी परंपरेत उपजत नाही, ती शाळेने घडवली. एकनाथांचे भारूड पाठ्यपुस्तकात कविता म्हणून छापले जाते, हा या फारकतीचा नेमका पुरावा आहे. त्यातला वासुदेव किंवा जोशी ही मुळात वठवायची भूमिका आहे.

या प्रश्नाला भाषिक बाजूही आहे. या पट्ट्यातील वर्गात मराठवाडा, खानदेश, विदर्भ आणि उत्तर भारत येथून आलेल्या कुटुंबांची मुले शेजारी बसतात. निबंधाच्या वहीत घरची बोली चूक ठरते. भूमिकेत तीच पात्राची भाषा ठरते. वर्गातील भाषिक उतरंड काही काळ तरी स्थगित करण्याची ही शक्यता नाट्यउताऱ्याच्या मूकवाचनात नाही.

नाटक स्वतंत्र विषय व्हावे काय, हा वाद इतरत्रही मिटलेला नाही. इंग्लंडमध्ये १९८८ च्या शिक्षण कायद्यानंतरच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाने नाटकाला इंग्रजी विषयाच्या पोटात ठेवले, तरी माध्यमिक परीक्षेत ते ऐच्छिक विषय म्हणून घेता येते. भारतात २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने नाट्यासह कलाशिक्षण दहावीपर्यंत अनिवार्य मानले. २०२३ च्या आराखड्यानेही नाट्याला कलाशिक्षणात स्थान दिले. आराखड्यातील स्थान आणि वेळापत्रकातील स्थान यांत अंतर आहे; तरी ते अनुल्लंघ्य नाही. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. विषय घडणे हा पुष्कळदा संस्थात्मक इच्छेचा प्रश्न असतो, हे त्यावरून दिसते.

अर्थात विषय होण्यात धोकाही आहे. गुणांच्या चौकटीत नाटक पाठ केलेल्या व्याख्यांचे संकलन होऊ शकते. मग संमेलनाचे उरलेसुरले स्वातंत्र्यही जाईल. म्हणून नाटकाला तासिका मिळते की नाही, एवढ्यावर हा प्रश्न संपत नाही. त्या तासिकेत उतारा उभा राहतो की पुन्हा बसूनच वाचला जातो, यावर तिची किंमत ठरेल. प्रयोगाला वाचनाचीच एक रीत मानणारी नाट्यसमीक्षा मराठीत रुजवायची असेल, तर तिची सुरुवात विद्यापीठात होणे पुरेसे नाही. ती आठवी-नववीच्या वर्गात, बाके बाजूला सरकवून, व्हावयास हवी.