सर्वांत स्वस्त जेवणाचं गणित

गेल्या वर्षी माझी नोकरी गेली, तेव्हा किचनच्या ओट्यावर पावडरचे दोन डबे होते. एक सीलबंद, एक अर्धा. दोन चमचे पावडर, तीनशे मिली पाणी, हलवायचं आणि प्यायचं. झालं जेवण. डब्याची किंमत १,९५० रुपये आणि त्यात १५ जेवणं, म्हणजे एका जेवणाला १३० रुपये. पगार चालू होता तेव्हा हे मला स्वस्त वाटायचं, कारण मी तुलना करत होतो ती ॲपवरून मागवलेल्या सव्वादोनशेच्या बिर्याणीशी. खालच्या गल्लीतल्या मेसचा महिन्याचा दर ३,६०० होता, म्हणजे जेवणाला ६० रुपये. हा भागाकार मी दोन वर्षांत एकदाही केला नव्हता. इंजिनिअर आहे म्हणे!

नोकरी गेल्यावर हातात वेळच वेळ. तेव्हा पायथॉनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. सुपरमार्केटच्या बिलांवरून भाव घेतले, पोषणमूल्यांचा तक्ता घेतला आणि विचारलं, रोज २,२५० कॅलरी आणि ६० ग्रॅम प्रथिनं कमीत कमी पैशांत कशी मिळतील? सेकंदाच्या आत उत्तर आलं. गव्हाचं पीठ, ६६२ ग्रॅम. बस्स, एवढंच. किंमत साडेसव्वीस रुपये. मग कॅल्शियम, लोह, जीवनसत्त्वं अशा अटी वाढवत गेलो. त्यात नाचणी आली, पालक आला, बी-१२साठी दूध आलं आणि आकडा ५२ रुपयांवर गेला. चहा नाही, फोडणीला तेल नाही, मीठसुद्धा नाही, कारण मिठाची अट घालायलाच मी विसरलो होतो.

हे गणित आपण शोधलंय असं दोन दिवस वाटलं. मग कळलं की ते माझ्यापेक्षा पन्नासेक वर्षांनी मोठं आहे आणि त्याला नावही आहे: ‘डाएट प्रॉब्लेम’.

१९४५मध्ये जॉर्ज स्टिगलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने एक निबंध छापला. प्रश्न असा, की ७० किलोच्या, मध्यम कष्टाचं काम करणाऱ्या माणसाला नऊ पोषक घटक पुरेसे मिळावेत, तर वर्षाला कमीत कमी किती खर्च येईल? त्याने ७७ पदार्थ घेतले आणि हाताने, अंदाजाने, एकेक पदार्थ गाळत उत्तर काढलं. वर्षभरासाठी १६८ किलो गव्हाचं पीठ, १२९ किलो सुका घेवडा, ५० किलो कोबी, १० किलो पालक आणि आटवलेल्या दुधाचे ५७ डबे. १९३९च्या भावाने वर्षाचे ३९ डॉलर ९३ सेंट. त्या काळी आहारतज्ज्ञ गरिबांसाठी म्हणून जे ‘स्वस्त’ आहार सुचवायचे, ते याच्या दुपटीहून महाग होते. स्टिगलरचं म्हणणं असं, की वरचे पैसे पोषणाचे नाहीतच, ते चवीचे, विविधतेचे आणि प्रतिष्ठेचे आहेत. मात्र आपला आहार कुणी खरंच खावा असं तो अजिबात म्हणाला नाही. पुढे १९८२मध्ये त्याला नोबेल मिळालं, पण ते या घेवड्यासाठी नव्हे.

दोन वर्षांनी जॉर्ज डँट्झिगने सिम्प्लेक्स ही पद्धत शोधली. आज माझ्या लॅपटॉपमध्ये तीच चालते. ती खरंच चालते का हे तपासायला स्टिगलरचा प्रश्न घेतला. १९४७मध्ये हाताने फिरवायच्या कॅल्क्युलेटरवर नऊ कारकून बसले, माणशी दिवस धरले तर १२० दिवस लागले आणि उत्तर आलं ३९ डॉलर ६९ सेंट. म्हणजे स्टिगलरचा अंदाज वर्षाला फक्त २४ सेंटने चुकला होता. हे वाचून मी खुर्चीतून उठलो होतो.

पुढची गोष्ट मात्र मला जास्त जवळची वाटते. डँट्झिगला स्वतःचं वजन कमी करायचं होतं. त्याने १९५०च्या दशकात संगणकालाच आहार विचारला. पोट भरल्यासारखं वाटावं आणि कॅलरी मर्यादेत राहाव्यात, अशी अट. पहिलं उत्तर आलं: इतर पदार्थांबरोबर ५०० गॅलन व्हिनेगर. व्हिनेगर काढून टाकलं, तर दिवसाला २०० सूपच्या वड्या. शेवटी त्याच्या बायकोने संगणक बाजूला ठेवला आणि आपल्या अकलेने जेवण ठरवलं. डिबगिंग कुणी केलं, ते कळलंच असेल.

गरिबाला कमीत कमी पैशांत जगवायचा प्रश्न मात्र संगणकाच्या कितीतरी आधीचा. १७९०च्या दशकात म्युनिकमध्ये काउंट रमफर्डने भिकाऱ्यांना कामगृहात आणलं आणि त्यांच्यासाठी सूप बनवलं. त्यात बार्ली, वाटाणे, बटाटे, शिळा पाव आणि भरपूर पाणी. पाण्यातही पोषण असतं अशी त्याची समजूत होती. ती चूकच. पण पाव कडक आणि शिळा का, तर तो चावायला वेळ लागतो आणि खाण्याचं सुख लांबतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या या माणसाला चावण्याची किंमत कळत होती. माझ्या पावडरवाल्यांना ती कळत नाही, किंवा कळूनही ते बोलत नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी लॉस एंजेलिसचा कॅफेटेरियाचा मालक क्लिफर्ड क्लिंटन जीवरसायनशास्त्रज्ञ हेन्री बोरसूकला म्हणाला, एका जेवणाइतकं पोषण दोन औंसांत बसव, खर्च पाच सेंटच्या वर नको आणि कुठल्याही धर्माला ते चालायला हवं. बोरसूकने सोयाबीनवर आधारलेलं ‘मल्टिपर्पज फूड’ तीन सेंटमध्ये करून दाखवलं. १९४६मध्ये त्यासाठी संस्था निघाली आणि ते जगभर गेलं. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याचं भारतीय रूप केलं: तीन भाग शेंगदाण्याच्या पेंडीचं पीठ, एक भाग हरभऱ्याचं पीठ आणि वरून जीवनसत्त्वं.

आणि मग २०१३. सॅन फ्रान्सिस्कोतला रॉब राइनहार्ट, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, बुडत चाललेला स्टार्टअप, संपत आलेले पैसे. खोलीत नूडल्स खाऊन राहणारी मुलं. त्याला वाटलं, जेवणावरचा खर्च हीच आपली अडचण आहे. पावडरी मागवून त्याने ‘सॉयलेंट’ ढवळलं. सुरुवातीला लोह घालायलाच विसरला आणि छाती धडधडायला लागली. (माझ्या मिठाची आठवण झाली.) लोकांनी दहा लाख डॉलरहून अधिक आगाऊ दिले. पण बाजारात आलेलं सॉयलेंट एका जेवणाला साधारण तीन डॉलर पडत होतं. नूडल्सवर जगणाऱ्याला ते परवडणार कसं? मग लोक घरीच मक्याचं पीठ आणि सोया ढवळून स्वस्त आवृत्त्या काढू लागले. कडकीतून निघालेली गोष्ट पगारदारांची झाली. मी तिचाच गिऱ्हाईक.

या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी पडलं ते पुण्यातलं काम. १९७१मध्ये वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याची मोजणी केली. आकडा तोच, २,२५० कॅलरी. पण प्रश्न वेगळा. सर्वांत स्वस्त मिश्रण कोणतं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीतली खरी घरं घेतली आणि पाहिलं, की महिन्याला माणशी किती खर्च करणाऱ्या घरात एवढ्या कॅलरी प्रत्यक्ष पोटात जातात. १९६०-६१च्या भावाने उत्तर आलं खेड्यात सुमारे १५ रुपये, शहरात साडेबावीस. शहरातल्या माणसाला दिवसाला ७५ पैसे, आणि त्यातच इंधन, कपडा, सगळं. त्या घरातला माणूस चहा पितो, सणाला गोड करतो, लुगडं घेतो, हे त्या आकड्यात आपोआप आलं. तरीही खेड्यातले सुमारे ४० टक्के आणि शहरातले सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखालीच निघाले. पुढे पां. वा. सुखात्मे यांनी वाद घातला, की एकाच माणसाची गरजही रोज बदलते, सरासरीची रेषा ओढून तिच्याखालच्या सगळ्यांना उपाशी म्हणू नका. वाद बरीच वर्षं चालला. मला दोघांचंही पटतं आणि त्यामुळे पंचाईत होते.

सुखात्मे साताऱ्यातल्या बुधचे. माझी आजी त्याच भागातली. प्रोग्राममध्ये अडकलो असताना गावी गेलो होतो, तेव्हा तिला बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारलं. ती खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेतून आलेली लाल मिलो मिळायची आणि कामावर सुकडी वाटायचे. “पिठासारखी असायची, गोडूस. तोंडात कोरडी कोरडी. पोट भरायचं, पर जेवल्यासारखं व्हायचं न्हाई,” ती म्हणाली. आपल्या वाटची सुकडी ती पदरात बांधून घरी आणायची, पोरांसाठी. पोरांत माझे वडील होते.

परत आल्यावर मी प्रोग्राममध्ये नवीन अटी घातल्या. रोज दोन कप चहा. एक भाजी फोडणीची. आठवड्यातून दोनदा अंडी. रविवारी काहीतरी विकतचं. आकडा ९४ झाला. मेसच्या १२० पेक्षा २६ रुपयांनी कमी, पण त्यात माझा स्वयंपाकाचा वेळ धरलेला नाही. तो धरायचा कसा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. नोकरी नव्हती तेव्हा तो शून्य होता. आता नवीन नोकरी लागलीय, पगार आधीपेक्षा कमी, आणि रात्री नऊला घरी येतो.

सीलबंद डबा मी दिवाळीत गावी घेऊन गेलो होतो, वडिलांचे गुडघे दुखतात म्हणून, प्रथिनं असतात म्हणून. आजीने चिमूटभर पावडर जिभेवर ठेवली.

“सुकडीच हाय की,” ती म्हणाली. “केवढ्याला पडली?”

“एका टायमाला पन्नास रुपये,” मी म्हणालो.

“म्हाग हाय,” ती म्हणाली आणि डब्याचं झाकण घट्ट लावलं.