निर्यात व नवोपक्रम (लघू व मध्यम उद्योगांतील)

परदेशी बाजारपेठेतील विक्री आणि उत्पादन, प्रक्रिया वा वेष्टन यांतील नवे बदल यांचा लघू व मध्यम उद्योगांतील परस्परसंबंध. कार्यक्षम उद्योगच निर्यातीकडे वळतात (स्वयंनिवड) आणि निर्यातीमुळे उद्योग नवे शिकतात, अशा दोन उपपत्ती १९९० च्या दशकात अर्थशास्त्रात पुढे आल्या. दोन्ही एकाच वेळी लागू पडू शकतात (→ आंतरराष्ट्रीय व्यापार).

पुण्यातील चितळे बंधू मिठाईवाले (१९५०, सदाशिव पेठेत बाजीराव रस्त्यावर दुकान) यांची बाकरवडी हे याचे ठळक उदाहरण. हाताने वळायचा हा पदार्थ यंत्रावर होऊ लागल्याने आकार व तळणी एकसारखी झाली. येथे नवोपक्रमाने निर्यातीची वाट मोकळी केली.

उलट दिशेचा प्रभाव अनेकदा नियमांतून येतो. अमेरिकेत २०२३ पासून तीळ हा वेष्टनावर जाहीर करावयाचा ॲलर्जीकारक घटक आहे. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. दोन्ही जिन्नस बाकरवडीच्या पारंपरिक सारणातले, त्यामुळे निर्यातदाराला देशानुसार सारण व लेबल बदलावे लागते. नियमांखेरीज लांबचा प्रवासही बदल घडवतो : जहाजाने माल पोचण्यास काही आठवडे लागतात. तेल खवट होऊ नये म्हणून तळलेल्या पदार्थांसाठी नायट्रोजन भरलेली हवाबंद पाकिटे वापरतात (→ अन्नपरिरक्षण).

भारतात १ जुलै २०२० पासून उद्योगाचा वर्ग ठरवताना निर्यातीची रक्कम उलाढालीत धरली जात नाही. त्यामुळे केवळ परदेशी विक्री वाढल्याने लघुउद्योगाचा दर्जा जात नाही (→ लघुउद्योग). प्रक्रियायुक्त खाद्यपदार्थांच्या निर्यातीस ॲपेडा (१९८६) हे केंद्रीय प्राधिकरण साहाय्य करते.